विठ्ठलाशी अबोला: गंगाखेड परिसरातल्या एका आईचं प्रकरण

गावपातळीवर समुपदेशनाचं काम करताना दोन वर्षांपूर्वी हाताळलेलं हे प्रकरण आहे. संबंधित बाईंची परवानगी घेऊनच लिहिते आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. परवानगी देताना त्यांची एकच अट होती: "मी देवाला शिव्या दिल्या ते बी लिहा. नसता लोकांला वाटंल, लई शहाण्यासारखी वागले."

पार्श्वभूमी

सुमनबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. गाव परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेड तालुक्यातलं. दोन एकर कोरडवाहू रान, त्यात सोयाबीन आणि तूर. एवढ्यावर घर चालत नाही. त्यामुळे दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायको मुकादमाच्या टोळीत पश्चिम महाराष्ट्राकडे ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडायची. 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. तिकडच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस गेला तर अर्धा. घरी सासूबाई, वीस वर्षांचा मुलगा आणि नववीतली मुलगी. मुलाचं आयटीआय झालं होतं आणि तो गंगाखेडला एका दुकानात कामाला लागला होता.

सुमनबाई माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकवली नाही. ऊसतोडीच्या बायकांना सहसा कार्तिकी मिळत नाही, कारण तेव्हा त्या उसाच्या फडात असतात. आषाढीला मात्र त्या गावी असतात. सुमनबाई दोनदा पंढरपूरला पायी गेल्या होत्या. ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतसुद्धा पत्र्याच्या पेटीवर विठ्ठलाचा छोटा फोटो असायचा. पहाटे फडात जायच्या आधी त्याला हात जोडायचे आणि मग विळा-कोयता उचलायचा, अशी वीस वर्षांची सवय.

फेब्रुवारीत एका रात्री दुकानातून घरी येताना मुलाच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि तो जागीच गेला. फोन आला तेव्हा आई-बाप घरापासून साडेतीनशे किलोमीटरवर होते. उसाच्या ट्रकमधून, मग दोन एसट्या बदलून ते दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोहोचले. लोक त्यांच्यासाठीच थांबले होते. "तोंड बघायला धा मिंटं भेटली," सुमनबाई म्हणायच्या. पहिल्या भेटीत हे वाक्य त्यांनी चार वेळा उच्चारलं.

दहाव्याला गावात प्रवचन झालं. महाराजांनी तेरच्या गोरोबाकाकांची कथा सांगितली. चिखल तुडवताना भजनात तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायाखाली स्वतःचं लेकरू आलं आणि तरी त्यांची भक्ती ढळली नाही. सांगणाऱ्याचा हेतू धीर द्यायचाच होता. पण ही कथा मराठवाड्यात सगळ्यांना शेवटापर्यंत पाठ असते, सुमनबाईंनाही होती. "त्याहिचं लेकरू माघारी आलं म्हणं पंढरपुरात," त्या मला म्हणाल्या. "माझं कामून येईना गेलं?"

त्यानंतर येणारा-जाणारा प्रत्येक जण काहीबाही सांगून जायचा. प्रारब्ध. मागच्या जन्मीचं देणं. चांगली माणसं देवाला आधी लागतात. एका नातेवाईक बाईने "लेकरू देवाला आवडलं" म्हटल्यावर सुमनबाईंनी विचारलं होतं, "मग मला आवडत नव्हतं का?" त्यानंतर बायका त्यांच्याकडे यायच्या कमी झाल्या.

अडचण

मला गावातल्या आशाताईंचा, म्हणजे आशा आरोग्य कार्यकर्तीचा, फोन आला तो जूनच्या शेवटी, म्हणजे चार महिन्यांनी. मी घरी गेले तेव्हा सासूबाईंनी पहिलं वाक्य सांगितलं ते फोटोचं: सुनेने विठ्ठलाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय आणि कुणाला हात लावू देत नाही. दुसरं वाक्य माळेचं. माळ काढून तिने ज्वारीच्या कणगीत टाकली होती. सून जेवत नाही, हे तिसऱ्या वाक्यात आलं. रात्र-रात्र ओसरीवर बसून असते, हे मी विचारल्यावर आलं. घराला धडकी भरली होती ती देवाच्या कोपाची.

मला दिसलं ते असं. वजन उतरलेलं, ब्लाऊज खांद्यावरून घसरत होता. झोप दोन-तीन तास. "झोप येईनाच गेलीय, डोळा लागला की मोटारसायकलचा आवाज येतो." मुलीशी बोलणं जवळपास बंद. ती शाळेतून आली-गेली तरी लक्ष नाही. आणि मनात एकच दळण चालू: मी तिकडं गेले नसते तर. उचल घेतली नसती तर.

दुःख हा आजार नाही आणि लेकरू गेलेल्या आईने चार महिन्यांत सावरावं, अशी अपेक्षा धरणं निष्ठुरपणाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाचं निदान करायला किमान सहा महिने जावे लागतात. पण शोकाच्या आडून नैराश्य येऊन बसतं आणि घरातल्यांना ते वेगळं ओळखू येत नाही. नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, लक्ष, स्वतःविषयीचा अपराधीपणा वगैरे कसं होतं ते विचारतात आणि २७ पैकी गुण काढतात. २० किंवा त्याहून जास्त आले की तीव्र समजतात. सुमनबाईंचे २१ आले. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा, त्याचं उत्तर कोरं नव्हतं, त्याविषयी पुढे.

आणखी एक अडचण होती, ती प्रश्नावलीत मावणारी नव्हती. आजवर कुठल्याही संकटात ही बाई ज्याच्याकडे धाव घ्यायची, त्याच्याशीच तिचा अबोला होता. नवऱ्याने हात उगारला तर माहेर असतं. माहेरच उलटलं तर बाईने जायचं कुठं? पंढरपूरला बायका माहेर म्हणतात ते उगीच नाही.

माझी पहिली चूक

हे मला तेव्हा एवढं स्पष्ट कळलेलं नव्हतं. दुसऱ्या भेटीत, प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे, मी त्यांच्या 'आधाराच्या जागा' शोधत होते. माळकरी आहेत म्हटल्यावर मला वाटलं, सापडली जागा. मी म्हणाले, "एवढी वर्षं माळ घातलीत, तिचाच आधार घ्या. संध्याकाळी हरिपाठाला जाऊन बसत चला."

त्या उठल्या, पदर सावरला आणि "शेळीला पाणी दाखवायचंय" म्हणून निघून गेल्या. दारात शेळी नव्हती.

घरी येताना आशाताईंनी मला गाडीवर मागे बसल्या-बसल्या ऐकवलं. "मॅडम, तुम्ही बी महाराजांसारखंच बोललात की."

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात घरात बसून आम्ही उघड बोललो. सासू, नवरा, दीर, आशाताई आणि मी. सुमनबाई दाराआड होत्या, ऐकत होत्या.

दिराचं म्हणणं, हे बाहेरचं आहे. एका देवरुषाकडे एकदा नेऊन झालं होतं, सहा-सात हजार गेले होते आणि तो अमावास्येला पुन्हा बोलावत होता. इथे कायद्याची भाषा काढायचा मोह होतो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहेच. पण मारहाण किंवा छळ झालेला नव्हता आणि मी दिराला आरोपी केलं असतं तर ते घर मला बंद झालं असतं. मी एवढंच म्हणाले की उपाशी ठेवणं, मारणं, डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला लावणं, यातलं काही झालं तर मी गप्प बसणार नाही. अमावास्येला ते गेले नाहीत. पैसे नव्हते, हे खरं कारण.

सासूबाईंना सुनेला वारीला न्यायचं होतं. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी करत पुढे जाते. ती त्या दिवसांत वाटेवर होती. चार पावलं चालली की डोकं ठिकाणावर येईल, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही हे पटायला लागलं होतं. चालणं, सोबत, मोकळी हवा, झोप. आशाताई मात्र ठाम होत्या: "देवावर रुसलेल्या बाईला देवाच्या दारात फरपटत न्यायचं नसतं." तो पर्याय तिथेच सोडला. आज वाटतं, आम्ही त्या वेळी टाळलेला हा सगळ्यात मोठा धोका होता.

माहेरी पाठवणं हा एक मार्ग होता. भाऊ बोलवत होता. पण मुलीची शाळा होती, आणि भाऊ गेला तशी आईही गेली असं त्या मुलीला वाटलं असतं.

चौथा पर्याय जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीचा. नवऱ्याला भीती की 'येडी' असा शिक्का बसेल आणि पुढे पोरीच्या लग्नात आडवा येईल. ही भीती खोटी नाही. मी ती खोडून काढायच्या भानगडीत पडले नाही. बस गंगाखेडवरून बदलायची आणि गावात 'बीपीची तपासणी' सांगायचं, असं ठरलं. एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे, त्यामुळे दोघींचा जायचा-यायचा खर्च आवाक्यात होता.

काहीच न करणं, म्हणजे वर्ष सरेपर्यंत वाट बघणं, हाही पर्याय होता. बहुतेक घरं तोच निवडतात. इथे तो नाकारायचं कारण नववा प्रश्न होता.

काय केलं

मी सुमनबाईंना एकटीला गाठून सरळ विचारलं: जगूच नये असं वाटतं का? नवे कार्यकर्ते हा प्रश्न टाळतात, विचारल्याने डोक्यात येईल म्हणून. तसं होत नाही. उलट, इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सैल होतो. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वाटतंय. रोज वाटतंय. करनार न्हाई, पोरगी हाय."

'करणार नाही' यावर विसंबून राहता येत नाही. त्याच संध्याकाळी नवरा आणि सासूला विश्वासात घेतलं. रात्री त्यांच्याजवळ कुणी झोपायचं ते ठरलं. घरात फवारणीची औषधं होती, ती दिराच्या घरी कुलपात गेली. फार अस्वस्थ वाटलं तर पहिला निरोप आशाताईंना, मग मला. रात्री-बेरात्री कुणीच लागलं नाही तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, जो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून भिंतीला लावला. तो पुढे एकदा लावला गेला. तो कुणी लावला हे परिणामांच्या भागात येईल.

ओपीडीत डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि महत्त्वाचं म्हणजे नवऱ्यालाही समोर बसवून सांगितलं की फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, आणि या गोळ्यांची चटक लागत नाही. तरीही बाराव्या दिवशी गोळ्या बंद पडल्या. रिकाम्या पोटी घेतल्या की उलटी व्हायची आणि पोट तर रिकामंच असायचं. आशाताई पाकिटं मोजायच्या म्हणून आठवड्यात कळलं. रात्री अर्धी भाकरी दुधात कुस्करून, मग गोळी, असा सासूबाईंनी रस्ता काढला. ज्या सासूबाई वारीचा आग्रह धरत होत्या त्यांनीच पुढे आठ महिने एकही गोळी चुकू दिली नाही.

फोटोबद्दलही निर्णय करावा लागला. सासूबाईंना तो सरळ करायचा होता, निदान आषाढीला तरी. मी म्हणाले, राहू द्या. त्यांनी त्या दिवशी मला चहा विचारला नाही.

जात्यापाशी

पुढचं घडलं त्यात माझा हात नाही.

गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव. दमा आणि करुंड या गरीब आई-बापाची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी कामाला राहिली. त्यामुळे आमच्या भागात आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांची पुण्यतिथी होते तशी जनाबाईंचीही होते. गावातल्या भजनी मंडळात सत्तरीच्या पुढच्या एक आजी आहेत, त्यांना पार्वतीआजी म्हणू. त्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्या पाच-सहा शेर तूर घेऊन सुमनबाईंच्या दारात आल्या. प्रसादाला वरण करायचंय, गिरणीतल्या डाळीला चव नसते, आणि मला एकटीला जातं ओढत नाही. एवढंच म्हणाल्या. समाचाराचं काही नाही, देवाचं काही नाही.

मी नंतर पुष्कळदा यावर विचार केला. चार महिने सगळे त्या घरात काहीतरी द्यायला येत होते, धीर, उपदेश, अंगारा, गोळ्या, आणि मीही त्यातच. काही मागायला आलेली पार्वतीआजी पहिलीच.

दोघी जात्यापाशी समोरासमोर बसल्या. जातं सुरू झालं की आजींच्या तोंडून आपोआप ओव्या सुरू होतात. थोड्या वेळाने आजी थांबून म्हणाल्या, जनाबाईनं त्याला 'विठ्या' म्हणून शिव्या घातल्यात, ठाऊक हाय ना? त्याला मूळ मायेचं कारटं म्हणलीय ती. सुमनबाईंना ठाऊक होतं. ही भजनं त्यांनी स्वतः टाळ वाजवत म्हटली होती, हसत हसत.

आशाताई ओट्यावर बसून होत्या, त्यांनी मला सगळं सांगितलं. खुंटा फिरत राहिला आणि मग सुमनबाईंनी स्वतःची ओवी घातली:

पहिली माझी ओवी, तुला न्हाई रे विठ्ठला
लेकरू पडलं रस्त्यात, तवा कुठं व्हतास बसला

त्यानंतर ओवी राहिली बाजूला, सरळ शिव्याच सुरू झाल्या. आंधळा, बहिरा, विटेवर नुसता हात कमरेवर ठेवून उभा राहणारा. तुला लेकरं असती तर कळलं असतं. माझ्या वीस वर्षांच्या पहाटा परत दे. सासूबाई घाबरून बाहेर आल्या, त्यांना आजींनी हातानेच थांबवलं आणि मूठभर तूर जात्यात टाकली. डाळ संपेपर्यंत हे चाललं, पाऊण-एक तास. मग सुमनबाई रडल्या. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा आवाज काढून.

आमच्या प्रशिक्षणात याला भावनांचा निचरा म्हणतील. शब्द चुकीचा नाही, पण तोकडा आहे. निचरा झाला की पाणी निघून जातं. इथे उलट झालं. तुटलेलं बोलणं सुरू झालं. शिवी तरी त्यालाच दिली जाते, ज्याला ऐकू येतं असं आपण धरून चालतो. आमच्या या भूमीतल्या संतांनी हे फार आधी ओळखलं होतं आणि देवाशी भांडायचा हक्क बायकांच्या तोंडी ठेवून दिला होता. दहाव्याच्या प्रवचनात तो हक्क कुणी सांगितला नाही. सांगितली ती सोसण्याची कथा.

पार्वतीआजी पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. या वेळी हरभरा घेऊन.

हंगामाचा निर्णय

श्रावण संपता संपता मुकादमाची फेरी सुरू झाली. हंगाम अर्धवट टाकून आल्यामुळे चाळीस हजारांची उचल अंगावर होती. तीन रस्ते होते: दोघांनी जायचं, नवऱ्याने एकट्याने अर्धा कोयता म्हणून जायचं, किंवा त्याच्या जोडीला मुलीला न्यायचं, म्हणजे तिची शाळा सुटली. तिसरा रस्ता घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, पण मुलीने ओळखला होता आणि शाळेतल्या बाईंना सांगितलाही होता.

भाद्रपदात शेतकरी अपघात योजनेचं सानुग्रह अनुदान मंजूर झालं, दोन लाख रुपये. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ही योजना खातेदार शेतकऱ्याबरोबर कुटुंबातल्या आणखी एका सदस्यालाही लागू आहे. अर्ज गावातल्या कृषी सहायकाने अंत्यविधीनंतर लगेच भरून घेतला होता, आई-बापाला त्याची नीट आठवणही नव्हती. नवऱ्याला वाटलं, सुटलो. सुमनबाईंनी पासबुकाला हात लावायला नकार दिला. पोराच्या जिवाचे पैसे. नवऱ्याने एकट्याने उचल फेडली असती तर कायद्याने काही अडत नव्हतं, पैसे त्याच्याच खात्यावर आले होते. आम्ही त्याला पंधरा दिवस थांबायला सांगितलं. मुकादम रोज फोन करत होता, त्यामुळे हे पंधरा दिवस सोपे नव्हते.

तोवर गोळ्यांना दोन महिने होत आले होते आणि झोप पाच तासांवर आली होती. झोपलेल्या माणसाला विचार करता येतो, एवढं साधं आहे ते. एके दिवशी सुमनबाईंनीच मुलीला विचारलं, शाळेतल्या बाईला काय सांगितलंस म्हणे तू? मुलगी रडली. त्या रात्री नवरा-बायको बोलले. चाळीस हजार मुकादमाला, बाकीचे मुलीच्या नावाने ठेव, आणि या वर्षी तोडीला कुणीच जायचं नाही. नवरा सोयाबीनच्या काढणीला आणि नंतर जिनिंगवर हमालीला गेला. कमाई तोडीपेक्षा कमी झाली. त्यांच्या घरात त्या वर्षी दिवाळी झालीच नसती, तरी सासूबाईंनी मुलीसाठी चार करंज्या तळल्या.

परिणाम

तीन महिन्यांनी त्याच प्रश्नावलीत ११ गुण आले, आठ महिन्यांनी ६. नवव्या प्रश्नाचं उत्तर डिसेंबरपासून 'नाही' आहे. डॉक्टरांनी बरं वाटल्यावरही काही महिने गोळ्या चालू ठेवायला सांगितलं, मग हळूहळू कमी केल्या.

हे आकडे चांगले आहेत, पण वर्षश्राद्धाच्या आठवड्यात त्या पुन्हा ओसरीवर बसून राहिल्या. तेव्हा आम्ही आधीपासून तयार होतो. आशाताई रोज येऊन गेल्या आणि पार्वतीआजी मुक्कामालाच होत्या. मोटारसायकलचा आवाज आजही त्यांना दचकवतो.

हरिपाठाला त्या मार्गशीर्षापासून जाऊ लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. पहिले काही दिवस मागे बसून नुसतं ऐकायच्या, तोंड उघडायच्या नाहीत. फोटो कधी सरळ झाला हे कुणी पाहिलं नाही. सासूबाई म्हणतात संक्रांतीला, मुलगी म्हणते त्याच्याही आधी. माळ अजून गळ्यात नाही. ज्वारी संपत आली तेव्हा ती कणगीच्या तळाला सापडली, तेव्हापासून जात्याच्या खुंट्याला अडकवलेली आहे. मी एकदा त्याकडे पाहिलं तर म्हणाल्या, "असू द्या तितं."

आणि तो टेली-मानसचा फोन. पौषात एका रात्री दोन वाजता तो लावला होता नवऱ्याने.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक नवऱ्याचीच. म्हणजे त्याच्याकडे न बघण्याची, आणि ती आमची. मुलाला खांदा देताना तो रडला नाही, नंतरही नाही. सगळे म्हणाले, गडी घट्ट आहे. तो बायकोला ओपीडीत नेत होता, मुकादमाला तोंड देत होता, म्हणून मी त्याला मदतनीसांच्या रकान्यात टाकलं. रात्रीची दारू वाढत होती, हे सासूबाईंना माहीत होतं. मी विचारलं नाही. बायका जात्यापाशी बसू शकतात. गावातल्या पुरुषाला भांडायला, रडायला तशी कुठली जागा आहे? भजनी मंडळातला पखवाजवाला त्याचा बालमित्र निघाला, हे आम्हाला फोन झाल्यानंतर कळलं. पहिल्याच महिन्यात विचारलं असतं तर कळलं असतं.

मुलीचंही तसंच. भाऊ तिचाही गेला होता. शाळेतल्या बाईंनी आपणहून लक्ष घातलं नसतं तर ती कोयत्यावर गेली असती आणि आम्हाला दिवाळीनंतर पत्ता लागला असता.

माझ्या हरिपाठाच्या सल्ल्याबद्दल वर लिहिलंच आहे. आता मी श्रद्धाळू माणसाला 'देवावर विश्वास ठेवा' म्हणत नाही. विचारते, सध्या त्याच्याशी कसं चाललंय? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एका गृहस्थाने सांगितलं, बोलणं बंद आहे पण रोज दिवा लावतो, घरातल्या म्हाताऱ्या बापाला जेवायला वाढावं तसा.

प्रवचनकार महाराजांना मी नंतर भेटले. तक्रार म्हणून नाही. ते मोकळेपणाने म्हणाले की दहाव्याला काय बोलावं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, जे ऐकत आले तेच ते सांगतात. गावात मृत्यू झाला की त्या घरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ बोलणारा माणूस तोच असतो. आमची प्रशिक्षणं आशाताईंसाठी, शिक्षकांसाठी, पोलीस पाटलांसाठी होतात. कीर्तनकारांना मात्र अजून कुणी बोलावलेलं नाही.

गोळ्यांबाबत एक छोटी गोष्ट. पहिल्या पंधरा दिवसांत दर तिसऱ्या दिवशी कुणीतरी घरी जायला हवं होतं. आठवड्याने गेल्यामुळे सात दिवस वाया गेले आणि तेच दिवस जोखमीचे होते.

पुढची आषाढी

दुसऱ्या वर्षी पालखी गंगाखेडला आली तेव्हा सुमनबाई दर्शनाला गेल्या आणि तिथूनच पुढे चालायचं ठरवून घरी निरोप धाडला. मी घाईने फोन केला, गोळ्यांचं काय म्हणून. तेव्हा अजून अर्धी गोळी चालू होती. त्या म्हणाल्या, पंधरा दिवसांच्या पिशवीत बांधून घेतल्यात, पोरीनं मोजून दिल्यात.

पंढरपुरात दोन रांगा असतात. पदस्पर्शाची, म्हणजे विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायची, आणि मुखदर्शनाची, लांबून नुसतं तोंड बघायची. आल्यावर मी विचारलं, किती तास लागले रांगेत?

"पाया पडायच्या रांगंत गेलेच न्हाई," त्या म्हणाल्या. "तोंड बघायच्या रांगंत हुबी ऱ्हायले. म्हनलं, त्याला बी माझं तोंड बघू दे."